पिवळी रेघ, हिरवी रेघ

१८ ऑगस्ट १८६८. भर पावसाळ्यातली सकाळ. पटवर्धनांच्या जमखंडी संस्थानात जॉन हर्शेल नावाचा एक लष्करी अधिकारी दुर्बिणीला डोळा लावून बसला होता आणि वर ढग सरकत होते. युरेनस शोधणाऱ्या विल्यम हर्शेलचा हा नातू. भारताच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणात तो कामाला होता. त्या सकाळच्या खग्रास सूर्यग्रहणाचा पट्टा कोकणकिनाऱ्यावरून देशावर चढून जमखंडी, विजापूर, गुंटूर, मछलीपट्टण असा पूर्व किनारा गाठत होता आणि समुद्र ओलांडून सयामपर्यंत पोचत होता. या पट्ट्यात ठिकठिकाणी माणसं दुर्बिणी रोखून तयार होती. विजापूरला कॅप्टन हेग, गुंटूरला मेजर टेनंट आणि फ्रान्सहून आलेला ज्यूल जान्सेन, मछलीपट्टणला मद्रास वेधशाळेचा नॉर्मन पॉग्सन, सयामात जॉर्ज राये.

सूर्याचं बिंब पूर्ण झाकलं गेलं की त्याच्या कडेला लालसर ज्वाला दिसतात. त्या कशाच्या बनल्या आहेत, हे तोवर कुणाला ठाऊक नव्हतं. या सगळ्यांच्या दुर्बिणींना स्पेक्ट्रोस्कोप, म्हणजे प्रकाशाचे रंग सुटे करून दाखवणारं यंत्र जोडलेलं होतं. ढगांच्या फटीतून हर्शेलला तीन चमकदार रेघा दिसल्या, एक तांबडी, एक पिवळी-नारिंगी आणि एक निळी. रायेला जास्त दिसल्या. पिवळी रेघ बहुतेकांनी पाहिली, आणि जवळपास सर्वांनी तिच्यापुढे एकच नाव लिहिलं: सोडियम. पॉग्सनने तेवढी रेघ नेमकी सोडियमच्या जागी आहे की शेजारी, याबद्दल शंका नोंदवून ठेवली.

ते सोडियम नव्हतं. माणसाला तोवर माहीत नसलेलं एक मूलद्रव्य, ज्याला पुढे हेलियम म्हटलं गेलं, त्या रेघेतून दिसत होतं, हजारो मैलांवरच्या वेगवेगळ्या माणसांना, एकाच सकाळी. डोळे उत्तम, यंत्रं चांगली, माणसं प्रामाणिक, आणि तरीही निष्कर्ष चुकीचा. खरं काय ते माणसाला कळतं कसं, या प्रश्नाने मला अनेक वर्षं धरून ठेवलं आहे, आणि त्यावर विचार करताना मी पुन्हा पुन्हा या पिवळ्या रेघेपाशी येतो. कारण ती दिसल्यापासून ती काय आहे हे ठरेपर्यंत सत्तावीस वर्षं गेली, आणि त्या सत्तावीस वर्षांतलं जवळजवळ प्रत्येक पाऊल आपल्याला तपासून पाहता येतं.

गॅसवर भाताचं खारं पाणी उतू गेलं की निळी ज्योत एकदम पिवळी होते. तो पिवळा रंग मिठातल्या सोडियमचा. हाच प्रकाश लोलकातून पाहिला तर इंद्रधनुष्याचा पट्टा दिसत नाही. काळोखात एका जागी, अगदी शेजारी शेजारी, दोन बारीक पिवळ्या रेघा उभ्या असतात. त्यांची तरंगलांबी ५८९.० आणि ५८९.६ नॅनोमीटर. म्युनिकचा काचतज्ज्ञ योझेफ फ्राउनहोफर याने १८१४ मध्ये सूर्यप्रकाशाच्या पट्ट्यात पाचशेहून अधिक काळ्या रेघा मोजल्या होत्या आणि ठळक रेघांना अक्षरं दिली होती. बरोबर या पिवळ्या जागी असलेल्या काळ्या जोडीला त्याने ‘डी’ म्हटलं. पुढे १८५९-६० मध्ये हायडेलबर्गला किरखोफ आणि बुनसेन यांनी दाखवून दिलं की प्रत्येक मूलद्रव्याच्या रेघांच्या जागा ठरलेल्या असतात आणि त्या दुसऱ्या कुणाशी तंतोतंत जुळत नाहीत. सूर्यावर जाण्याची गरज उरली नाही. फ्रेंच तत्त्वज्ञ ऑग्युस्त कोंत याने १८३५ मध्ये छापून ठेवलं होतं की ताऱ्यांची रासायनिक घडण माणसाला कधीही समजणार नाही. त्यानंतर पंचवीसच वर्षांनी ती समजू लागली. या पद्धतीने बुनसेनने पृथ्वीवरचीच दोन नवी मूलद्रव्यं, सीझियम आणि रुबिडियम, निव्वळ रेघांवरून ओळखून काढली. म्हणजे अनोळखी रेघ दिसली तर अनोळखी पदार्थ असणार, हा तर्क १८६८ साली हवेतला नव्हता. त्याने यश दिलेलं होतं.

मग ग्रहण पाहणाऱ्यांची गफलत का झाली? इथे मला या गोष्टीतली सर्वांत सुंदर खुबी दिसते. खग्रास अवस्थेत आकाश काळं होतं, ज्वालांच्या रेघा ठळक उठून दिसतात, पण शेजारी मापायला काहीच उरत नाही. सूर्यप्रकाशातल्या फ्राउनहोफरच्या काळ्या रेघा, ज्यांच्या जागा शेवटच्या दशांशापर्यंत ठाऊक होत्या, त्या नेमक्या त्याच वेळी नाहीशा होतात. दोन नॅनोमीटरहून कमी फरक अंधारात, पाच-सहा मिनिटांत, धडधडत्या छातीने कोण ओळखणार! पट्टीच हरवली होती.

ती पट्टी परत मिळवण्याचा मार्ग जान्सेनला त्याच सकाळी सुचला. ज्वालांच्या रेघा इतक्या तेजस्वी होत्या की ग्रहण नसतानाही त्या दिसायला हव्यात, असं त्याला वाटलं. अडचण आकाशाच्या उजेडाची. पण आकाशाचा उजेड सगळ्या रंगांत विखुरलेला असतो, आणि ज्वालेचा उजेड मोजक्या रेघांत एकवटलेला. मूठभर रांगोळी अंगणभर भुरभुरली तर दिसेनाशी होते, तीच चिमटीतून रेघेत सोडली तर लांबून उठून दिसते. स्पेक्ट्रोस्कोपने रंगांचा पट्टा जितका ताणावा तितका आकाशाचा उजेड फिका पडत जातो आणि ज्वालेची रेघ मात्र तशीच राहते. १९ ऑगस्टला, ग्रहणाच्या दुसऱ्या दिवशी, लख्ख उन्हात जान्सेनने गुंटूरला त्या रेघा पाहिल्या. पुढचे सतरा दिवस तो पाहत राहिला. आदल्या दिवसापर्यंत जे बघायला माणसं वर्षानुवर्षं वाट पाहत आणि समुद्र ओलांडून जात, ते आता कुणालाही, कुठेही, कोणत्याही निरभ्र दिवशी पाहता येणार होतं. मला हा शोध हेलियमहून मोठा वाटतो. एका क्षणाची साक्ष त्याने रोज तपासता येईल अशी करून टाकली.

लंडनमध्ये युद्धखात्यात कारकुनी करणारा बत्तीस वर्षांचा नॉर्मन लॉक्यर हीच कल्पना दोन वर्षं मनात घेऊन बसला होता. त्याचं यंत्र तयार व्हायला उशीर झाला. ते हाती आल्यावर २० ऑक्टोबर १८६८ रोजी त्याला ग्रहणाशिवाय ज्वालांच्या रेघा दिसल्या. जान्सेनने काकिनाड्याहून पाठवलेलं पत्र समुद्रमार्गे पॅरिसच्या विज्ञान अकादमीत पोचलं त्याच दिवशी, २६ ऑक्टोबरला, लॉक्यरचीही बातमी तिथे पोचली. दोघे एकमेकांना न भेटता, वेगवेगळ्या खंडांत, एकाच ठिकाणी येऊन थांबले होते. फ्रेंच सरकारने पुढे दोघांचे चेहरे असलेलं पदक पाडलं. एकट्या जान्सेनवर किंवा एकट्या लॉक्यरवर शंका घेता आली असती, दोघांवर एकदम घेणं अवघड झालं.

आता लॉक्यरपाशी पट्टी होती. दिवसाच्या उजेडात काळी ‘डी’ जोडी आणि ज्वालेची चमकती पिवळी रेघ एकाच दृष्टिक्षेपात दिसत होती, आणि त्या एकमेकींवर बसत नव्हत्या. नवी रेघ थोडी निळ्याच्या बाजूला सरकलेली होती. आजच्या मोजमापात ५८७.६ नॅनोमीटर. सोडियम बाद झालं. या रेघेला पुढे ‘डी-३’ म्हणू लागले.

पण सोडियम नाही एवढ्याने नवं मूलद्रव्य सिद्ध होत नाही. ज्वालांमध्ये हायड्रोजन भरपूर होता, हे तांबड्या आणि निळ्या रेघांवरून उघड होतं. सूर्यावरच्या भयंकर उष्णतेत आणि विरळ दाबात हायड्रोजनच ही पिवळी रेघ देत नसेल कशावरून? रसायनतज्ज्ञ एडवर्ड फ्रँकलंडला सोबत घेऊन लॉक्यरने प्रयोगशाळेत हायड्रोजनवर वेगवेगळे दाब, वेगवेगळी उष्णता देऊन पाहिली. पिवळी रेघ उमटली नाही. १८७१ मध्ये एडिंबराच्या विज्ञानसभेत विल्यम थॉमसनने अध्यक्षीय भाषणात ‘हेलियम’ हे नाव जाहीरपणे उच्चारलं. तरी रसायनशास्त्रज्ञ बधले नाहीत. हातात घेता येत नाही, वजन करता येत नाही, कशाशी संयोग होतो ते कळत नाही, अशा गोष्टीला मूलद्रव्य कसं म्हणायचं? आवर्तसारणी रचणारा मेंडेलीव्ह याला तर हेलियम काल्पनिकच वाटत होतं.

या अडून बसण्याला आज हसणं सोपं आहे, पण मला ते मुळीच हास्यास्पद वाटत नाही. दुसरं कुठलंही स्पष्टीकरण सापडत नाही म्हणून माझंच खरं, हा पुरावा अर्धा असतो. आपल्याला ज्या शक्यता सुचल्या त्याच तेवढ्या होत्या, हे कुणी सांगावं? १८८२ च्या सुमारास इटलीत पाल्मिएरीने व्हेसुव्हियसच्या ज्वालामुखीतल्या पदार्थात डी-३ दिसल्याचं सांगितलं. ते कसं पाहिलं याचा पुरेसा तपशील त्याने दिला नाही, म्हणून ते कुणी पुढे नेऊ शकलं नाही. त्याने जे पाहिलं ते खरं असेलही. पण दुसऱ्याला त्याच वाटेने जाऊन पाहता येत नव्हतं.

वाट उघडली ती भलत्याच बाजूने. अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षणातला हिलब्रँड युरेनियमच्या खनिजाला आम्लात उकळत होता, तेव्हा त्यातून एक निष्क्रिय वायू बाहेर आला. तो नायट्रोजन असावा असं त्याने ठरवलं. इकडे लंडनमध्ये विल्यम रॅमझीने रॅलेसोबत १८९४ मध्ये हवेतला आर्गॉन वायू शोधला होता आणि आर्गॉन कुठल्या खनिजात सापडतो का, हे तो धुंडाळत होता. ब्रिटिश म्युझियममधल्या हेन्री मायर्सने त्याला पत्र लिहून हिलब्रँडच्या वायूकडे बोट दाखवलं. रॅमझीने क्लीव्हाइट नावाचं तसलं खनिज मिळवलं, आम्लात उकळलं, निघालेला वायू शुद्ध करून नळीत भरला आणि त्यातून वीज सोडली. मार्च १८९५. नळीत एक झळझळीत पिवळी रेघ उभी राहिली. पहिला संशय अर्थातच सोडियमचा. म्हणून त्याने खरं सोडियम शेजारी ठेवून पाहिलं. रेघा जुळल्या नाहीत. रॅमझी स्वतः थांबला आणि नळी विल्यम क्रुक्सकडे पाठवली, कारण वर्णपट मोजण्यात क्रुक्सचा हात धरणारा कुणी नव्हता. २३ मार्चला क्रुक्सची तार आली. सूर्यावरची डी-३ हीच.

एवढ्यावर गोष्ट संपली असती तरी ती मला आवडली असती. पण यानंतर जे घडलं ते मला जास्त मोलाचं वाटतं. जर्मनीत कार्ल रुंगे या गणितज्ञ-भौतिकतज्ज्ञाने क्लीव्हाइटच्या वायूची पिवळी रेघ अधिक ताकदीच्या यंत्राखाली धरली, तेव्हा ती एकटी नाही असं त्याला दिसलं. ठळक रेघेला चिकटून एक अगदी फिकी रेघ होती, सुमारे ०.०३ नॅनोमीटर अंतरावर. सूर्यावरची डी-३ मात्र सगळे एकेरी सांगत आले होते. रुंगेने जूनमध्ये ‘नेचर’ साप्ताहिकात लिहिलं की सूर्यावरची रेघही दुहेरी निघाली नाही, तर पृथ्वीवरच्या या वायूला हेलियम म्हणता येणार नाही. त्या वेळी ‘नेचर’चा संपादक कोण होता? लॉक्यर. हे साप्ताहिक त्यानेच १८६९ मध्ये काढलं होतं. ज्या शोधावर त्याची सत्तावीस वर्षांची पत पणाला लागली होती, त्याला सुरुंग लावू शकणारं पत्र त्याच्याच पानांत छापून आलं.

आक्षेपातली धार पाहा. ‘मला पटत नाही’ असं रुंगे म्हणाला नाही. तुमचं खरं असेल तर अमुक जागी अमुक दिसलंच पाहिजे, जा आणि बघा, असं तो म्हणाला. जे कुणी तोवर पाहिलं नव्हतं, शोधायचं मनातही आलं नव्हतं, ते त्याने आधीच नेमकं सांगून ठेवलं. आता दुर्बिणी पुन्हा सूर्याकडे वळल्या. लंडनमध्ये विल्यम हगिन्सला आधी रेघ एकेरीच वाटली. शिकागोत जॉर्ज हेलने जूनमध्येच तिच्या कडेची फिकी जोडीदारीण पाहिली. जुलैमध्ये हगिन्सलाही ती दिसली, लॉक्यरलाही. इतकी वर्षं ती तिथेच होती. हेलियमवर घेतलेला सर्वांत कडक आक्षेपच हेलियमचा सर्वांत भक्कम पुरावा होऊन बसला. कुणी पाठिंबा देऊन जे साधलं नसतं ते एका सच्च्या विरोधकाने साधलं.

त्याच वर्षी उप्सालात क्लेव्ह आणि लांगलेट यांनीही स्वतंत्रपणे हा वायू मिळवला. पुढे १९०३ मध्ये रॅमझी आणि सॉडी यांना रेडियममधून हेलियम बाहेर पडताना दिसलं आणि काही वर्षांत रदरफर्डने किरणोत्सारातला अल्फा कण म्हणजेच हेलियमचा गाभा असल्याचं दाखवलं, तेव्हा युरेनियमच्या खनिजात हे दडून का बसलं होतं तेही उलगडलं. वेगवेगळ्या दारांनी आत शिरलेली माणसं एकाच खोलीत भेटत होती. आज सूर्याच्या वस्तुमानाचा जवळपास चौथा हिस्सा हेलियम आहे हे आपल्याला ठाऊक आहे, आणि इस्पितळातल्या एमआरआय यंत्राचं चुंबक त्याच वायूच्या द्रवात थंड राहतं.

पण इथेच मन अडखळायला हवं. कारण अगदी हाच तर्क आणखी दोनदा वापरला गेला, तितक्याच हुशार माणसांनी, तितक्याच चोख नोंदींवरून, आणि दोन्ही वेळा तो फसला.

१८६४ मध्ये हगिन्सने एका तेजोमेघाच्या प्रकाशात हिरव्या रेघा पाहिल्या. त्या कुठल्याही ज्ञात मूलद्रव्याच्या नव्हत्या. त्या मूलद्रव्याला पुढे ‘नेब्युलियम’ म्हणू लागले. ७ ऑगस्ट १८६९ च्या ग्रहणात अमेरिकेतल्या आयोवात चार्ल्स यंग आणि विल्यम हार्कनेस यांना वेगवेगळ्या ठिकाणांहून सूर्याच्या किरीटात, म्हणजे ग्रहणात बिंबाभोवती दिसणाऱ्या मोतिया प्रभेत, एक हिरवी रेघ दिसली. त्यातून ‘कोरोनियम’ जन्मलं. हेलियम सापडल्यावर तर या दोघांचा भाव वधारला. एक अनोळखी रेघ खरी निघाली, मग याही निघतील! मेंडेलीव्हने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हायड्रोजनहूनही हलकं मूलद्रव्य म्हणून कोरोनियमला आपल्या सारणीत जागा सुचवली. हेलियमवर विश्वास न ठेवलेल्या त्याच मेंडेलीव्हने.

१८९४ साली तुम्ही हेलियम, नेब्युलियम आणि कोरोनियम शेजारी ठेवले असते, तर यातलं खरं कोणतं हे सांगायला तुमच्यापाशी काहीही साधन नसतं. तिन्हींचा पुरावा एकाच जातीचा. तिन्हींवर विश्वास ठेवणारे आणि न ठेवणारे सारखेच शहाणे. एखाद्या समजुतीच्या आत डोकावून ती खरी आहे की नाही हे बहुधा कळत नाही. तिला बाहेर काढून नव्या ठिकाणी उभी करावी लागते आणि ती तिथे टिकते का हे बघावं लागतं. १९१३ मध्ये मोझलीने मूलद्रव्यांना अणुक्रमांक दिले. एक, दोन, तीन, असे पूर्णांक. हायड्रोजन एक आणि हेलियम दोन. मधे जागाच नव्हती, हायड्रोजनच्या आधीही नव्हती. नेब्युलियम आणि कोरोनियम रातोरात बेघर झाले, पण त्यांच्या रेघा आकाशात तशाच उजळत होत्या. रेघा खऱ्या होत्या, नाव खोटं होतं.

१९२७ मध्ये कॅलिफोर्नियात आयरा बोवेनने नेब्युलियमचं कोडं सोडवलं. त्या रेघा होत्या ऑक्सिजनच्या. दोन इलेक्ट्रॉन गमावलेला ऑक्सिजनचा अणू एका खास अवस्थेत बराच वेळ ताटकळून मग हा हिरवा प्रकाश सोडतो. प्रयोगशाळेतल्या विरळात विरळ वायूतही त्याला तेवढी उसंत मिळत नाही, दुसरा अणू येऊन आदळतो. तेजोमेघ इतका विरळ की तिथे कुणी आदळत नाही. आपल्या श्वासातला ऑक्सिजनच अनोळखी होऊन दिसत होता.

कोरोनियमची कथा याहून गुंतागुंतीची आहे, आणि तिची वाट महाराष्ट्रातून जाते.

विजयदुर्गच्या किल्ल्यात ‘साहेबाचे कट्टे’ म्हणून ओळखले जाणारे चौथरे दाखवतात. १८ ऑगस्ट १८६८ ला लॉक्यरने इथे दुर्बीण लावून हेलियमचा शोध लावला, असं तिथे सांगितलं जातं. वर्तमानपत्रांतून दर वर्षी छापून येतं, १८ ऑगस्टला तिथे हेलियम दिवसही साजरा होतो. ग्रहणाचा पट्टा कोकणातून गेला होता, चौथरे समोर आहेत, लॉक्यरचं नाव जगप्रसिद्ध. सगळं नीट बसतं. पण लॉक्यर १८६८ मध्ये भारतात नव्हताच. त्याचं यंत्र लंडनमध्ये ऑक्टोबरात तयार झालं, त्याची पिवळी रेघ २० ऑक्टोबरची आणि इंग्लंडमधली. तो भारतात आला ग्रहणं पाहायलाच, पण नंतर. १२ डिसेंबर १८७१ च्या ग्रहणाला केरळातल्या बेकल किल्ल्यावर आणि २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणाला विजयदुर्गला. चौथऱ्यांशी जोडलेला साहेब खरा आहे, किल्ला खरा आहे, ग्रहणही खरं आहे. साल तेवढं तीस वर्षांनी मागे सरकलं आहे, आणि त्या सरकण्यात वेगळ्याच शोधाचं श्रेय येऊन चिकटलं आहे. जान्सेनने गुंटूरला हेलियम शोधलं असं पाठ्यपुस्तकी थाटात सांगितलं जातं तेही असंच. त्याच्या पत्रात नव्या मूलद्रव्याचा उल्लेख नाही.

ही दंतकथा सांगणाऱ्यांवर मला राग येत नाही. आपल्या गावात काहीतरी मोठं घडलं, ही भावना चांगलीच आहे. हळहळ वाटते ती दुसऱ्याच गोष्टीची. तिच्या सावलीत खरी गोष्ट झाकली जाते, आणि खरी गोष्ट फार मोठी आहे. १८९८ च्या जानेवारीत निम्म्या महाराष्ट्रावर दुर्बिणींच्या छावण्या पडल्या होत्या. विजयदुर्गला लॉक्यर आणि फाउलर, आणि त्यांच्या मदतीला ‘मेल्पोमेनी’ या युद्धनौकेवरचे खलाशी, ज्यांच्याकडून यंत्रांची तालीम करून घेतली होती. सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊरला अमेरिकेच्या लिक वेधशाळेचा कॅम्बेल, आणि तिथेच पुण्याच्या महाराजा तख्तसिंगजी वेधशाळेचे प्राध्यापक कावसजी दादाभाई नेगमवाला, स्वतःची यंत्रं घेऊन. पुलगावला न्यूअल. विदर्भात तळणीला ॲनी माँडर, जिने आपल्या कॅमेऱ्यात किरीटाचा दूरवर गेलेला झोत पकडला. दोनेक मिनिटांचं ग्रहण, स्वच्छ हिवाळी आकाश.

आणि तिथे मोजली गेली ती हिरव्या रेघेची जागा. यंगच्या काळापासून किरीटाची हिरवी रेघ ५३१.७ नॅनोमीटरच्या आसपास, सूर्यप्रकाशातल्या लोखंडाच्या एका रेघेवरच बसते असं धरलं जात होतं. पण लोखंडाच्या बाकी रेघा किरीटात दिसत नव्हत्या, मग ही एकटीच कशी? विजयदुर्गच्या आणि जेऊरच्या छायाचित्रांवरून शांतपणे मोजल्यावर कळलं की जागाच चुकीची होती. खरी जागा ५३०.३. तिथे लोखंडाची ती रेघ नव्हती. तीस वर्षांची चूक निघाली, लोखंड बाद झालं आणि कोरोनियमवरचा विश्वास आणखी घट्ट झाला.

चूक दुरुस्त करून माणसं एका वेगळ्या चुकीत शिरली होती. उलगडा झाला तो १९३९ नंतर. जर्मनीत वाल्टर ग्रोट्रियान आणि स्वीडनमध्ये बेंग्ट एडलेन यांनी, एडलेनने प्रयोगशाळेत विजेच्या प्रखर ठिणग्यांत अणूंचे इलेक्ट्रॉन उडवून मिळवलेल्या आकड्यांच्या आधाराने, किरीटाच्या रेघा एकेक करून ओळखल्या. ५३०.३ नॅनोमीटरची हिरवी रेघ देणारा अणू लोखंडाचाच निघाला. सव्वीसपैकी तेरा इलेक्ट्रॉन गमावलेलं लोखंड. यंगचं उत्तर बरोबर होतं आणि कारण पूर्ण चुकीचं. लॉक्यर-कॅम्बेलचं मोजमाप बरोबर होतं आणि त्यातून काढलेला अर्थ चुकीचा. आणि तरीही ते मोजमाप झालं नसतं तर एडलेनला त्याचं गणित जुळवायला आकडाच मिळाला नसता. त्याच्या गणिताने जो अंक सांगितला तो १८९८ च्या काचांवर उमटलेला होता.

या उलगड्याने एक प्रश्न मिटवला आणि त्याहून अवघड प्रश्न समोर आणून ठेवला. लोखंडाचे तेरा इलेक्ट्रॉन उडायला दहा-वीस लाख अंश तापमान लागतं. सूर्याचा पृष्ठभाग मात्र साडेपाच हजार अंशांचा. शेगडीपासून दूर जावं तसं गार व्हायला हवं, इथे उलट घडतं. चुंबकीय क्षेत्रातून ऊर्जा वर जाते इथवर एकमत आहे, ती नेमकी कशी खर्ची पडून उष्णता होते यावर आजही वाद चालू आहे. २ सप्टेंबर २०२३ ला श्रीहरिकोट्याहून निघालेलं आदित्य-एल१ हे यान पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटरवर जाऊन याच प्रश्नामागे लागलं आहे. त्यावरच्या मुख्य उपकरणात सूर्याचं बिंब कायमचं झाकलेलं आहे, म्हणजे तिथे ग्रहण सुटतच नाही, आणि ते ज्या रेघांवर नजर ठेवतं त्यांतली एक ५३०.३ ची हिरवी आहे. हे उपकरण बंगळुरूच्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेने बांधलं. तिचा वंश कोडाईकनालमार्गे त्या मद्रास वेधशाळेपर्यंत जातो, जिच्या पॉग्सनने १८६८ मध्ये मछलीपट्टणला पिवळ्या रेघेच्या जागेबद्दल शंका लिहून ठेवली होती. किरीट इतका का तापतो याची एकाहून अधिक उत्तरं आज मांडली जातात, आणि त्यातलं प्रत्येक उत्तर या हिरव्या रेघेची रुंदी आणि थरथर किती असावी, याचे वेगवेगळे आकडे सांगतं.